बाठा, तंगूस आणि सोनोग्राफी

मे महिना सुरू झाला की देवगडापासून रत्नागिरीपर्यंत कुठल्याही घराच्या मागच्या दारी बघा, आंब्याचे बाठे पडलेले दिसतील, हापूसचे, पायरीचे, रायवळचे, चोखून टाकलेले. ते बाठे सगळ्यात जास्त कोणाला आवडत असतील तर घरच्या कुत्र्याला. तो तासभर चघळत बसतो, आणि मधेच दुसरा कुत्रा जवळ आला की हा घेऊन जाईल म्हणून सरळ गिळूनच टाकतो. मोठ्या कुत्र्याच्या पोटातून बाठा कधीकधी निघूनही जातो, पण मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्याच्या लहान आतड्यात तो अडकला की अडकलाच.

आता टेबलावर आहे तोही असाच एक गावठी. त्याला रिक्षातून घेऊन आलेल्या काकी दारातूनच सांगतायत, "डॉक्टरांनू, दोन दिस झाले, काय खाणा नाय, पाणी पिलो तरी ओकता." डॉक्टर मॅडम पहिला प्रश्न विचारतात तो आंब्यांचाच. मग पोटावरचे केस मशीनने काढतात, भरपूर जेल लावतात, आणि सोनोग्राफीचा प्रोब ठेवतात, म्हणजे आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा हातातला भाग.

स्क्रीनकडे बघा. हे काळं काळं दिसतंय ते पाणी, आतड्यात साठलेलं, आणि ते पुढे सरकत नाहीये, नुसतं मागेपुढे डचमळतंय. आतडं फुगलंय. अजून थोडं पुढे गेलं की एक वाकडी पांढरीशुभ्र रेघ येते आणि तिच्या खाली एकदम काळोखी सावली. हाच तो बाठा. कडक वस्तूवर आवाज आपटला की बराचसा तिथूनच परत येतो, उरलेला आतच जिरतो, पलीकडे काही पोचत नाही, म्हणून मागे ती सावली पडते. आणि सावलीच्या पुढचं आतडं बघितलं तर ते रिकामं, चपटं. अलीकडे फुगलेलं आणि पलीकडे चपटं, म्हणजे वाट बंद आहे. आता इथे औषध-सलाईन देऊन वाट बघण्यात अर्थ नाही, आज संध्याकाळीच ऑपरेशन.

बरेच लोक विचारतात की एक्स-रे काढला असता तर? काढतातच, पण एक्स-रेत धातू आणि हाड ठळक दिसतं, बाठा, कापडाचा तुकडा, नारळाची सोडणं, असलं सगळं आजूबाजूच्या मऊ भागात मिसळून जातं, कित्येकदा दिसतच नाही. पोटात पाणी झालं असेल तर एक्स-रे म्हणजे नुसता पांढरट ढग, त्यात लिव्हर कुठे आणि प्लीहा कुठे ते समजत नाही. सोनोग्राफीला उलट पाण्याने फायदाच होतो, आवाज पाण्यातून सुरेख जातो. तिचं वैर आहे ते हवेशी आणि हाडाशी.

हे मशीन चालतं कसं ते मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरात कोणाला समजवावं लागत नाही. ट्रॉलरवर फिश फाइंडर असतो ना, तळातून आवाज सोडतो, मासळीच्या थव्यावर आदळून प्रतिध्वनी परत येतो, त्याला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. तेच तत्त्व, अगदी तेच. समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर आणि प्राण्याच्या मऊ अवयवांत १५४० धरतात, म्हणजे जवळजवळ सारखाच. फरक आहे तो आवाजाच्या पट्टीत. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, फिश फाइंडर बहुतेक ५० ते २०० किलोहर्ट्झवर चालतो आणि हा हातातला प्रोब ५ ते १० मेगाहर्ट्झवर, कधी त्याहून वर. पट्टी जितकी उंच तितकं चित्र बारीक, पण आवाज खोल जात नाही. म्हणून मांजराला किंवा पॉमेरेनियनला उंच पट्टी चालते आणि चाळीस किलोच्या रॉटवायलरला खालची घ्यावी लागते.

नातं नुसतं तत्त्वाचं नाही, इतिहासही समुद्राचाच आहे. १८८० ला फ्रान्समधे क्युरी बंधूंनी, झाक आणि पिएर, शोधलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. पुढे उलटंही सिद्ध झालं, वीज दिली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पॉल लँजव्हँ यांनी हेच वापरून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायचा उपाय काढला. मग १९५८ ला ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी 'लॅन्सेट'मधे पोटातल्या गाठींची चित्रं छापली. त्यांच्याकडची एक बाई अशी होती की तिला पोटाचा कॅन्सर आहे, ऑपरेशनही होणार नाही असं ठरलं होतं, मशीनने दाखवलं की ती पाण्याने भरलेली अंडाशयाची गाठ आहे, गाठ काढली आणि बाई वाचली. घट्ट आहे की पातळ, एवढा एकच भेद, पण त्याच्यावर जीव अवलंबून होता. आज कुत्र्या-मांजरांच्या टेबलावरही रोज तोच भेद बघायचा असतो.

केस का काढतात म्हणून काही जण नाराज होतात, विशेषतः लांब केसांच्या मांजरांचे मालक. पण केसांत हवा अडकलेली असते आणि हवेतून हा आवाज जातच नाही, जेलही त्याचसाठी, मधली हवा घालवायला. केस परत येतात हो.

आता मांजराकडे वळू. बंदराजवळच्या घरांत मांजराला मासळीची कमी नाही, पण मासळीबरोबर गरी येते आणि गरीला बांधलेला तंगूस, म्हणजे मासेमारीचा बारीक दोरा. मांजराची जीभ खरखरीत, काटे आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळे एकदा दोरा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, गिळतच जाते. एक टोक जिभेच्या मुळाशी नाहीतर जठराच्या तोंडाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे पुढे जात राहतं, आणि आतडं त्या दोऱ्यावर नाडीवर परकर चुणावा तसं गोळा होतं. ताण वाढला की दोरा आतड्याला आतून कापायला लागतो. गरी एक्स-रेत चटकन दिसते, लोखंडाची आहे. तंगूस दिसत नाही. सोनोग्राफीत मात्र त्या चुण्या दिसतात आणि सराईत हात असेल तर मधून जाणारी बारीक चकचकीत रेघही दिसते.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. कितीही मोह झाला तरी नाही. ओढलात तर आत आतडं फाटू शकतं. तसंच उचला आणि दवाखाना गाठा.

कोकणात या सगळ्याला एक वेगळं वजन आहे ते अंतरामुळे. मोठं ऑपरेशन, रात्रभर ॲडमिट, रक्त चढवणं अशा सोयी प्रत्येक तालुक्यात नाहीत. रत्नागिरीवरून कोल्हापूर म्हणजे आंबा घाट चढून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, खालच्या सिंधुदुर्गातून लोक गोव्याला पळतात, आणि मुंबईत परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आणि त्याच आवारातलं १८८६ पासूनचं व्हेटरनरी कॉलेज म्हणजे तर रात्रभराचा प्रवास. आजारी जनावर घेऊन हा प्रवास करायचा का, आणि आजच करायचा का, की इथेच सलाईन लावून दोन दिवस बघायचं, हे ठरवायला सोनोग्राफीसारखं दुसरं साधन मला तरी दिसत नाही. म्हणून ती सगळे उपाय थकल्यावर करायची शेवटची तपासणी नव्हे, पहिल्या दिवशी विचारायची गोष्ट आहे. आता हातात मावणारे, टॅबला जोडायचे प्रोबही मिळतात, गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरच्या बॅगेत बसतील असे.

नाहक जीव कुठे जातात सांगू? गर्भाशयात पू होण्याने. पायोमेट्रा. नसबंदी न केलेली, सहा-सात वर्षांच्या पुढची कुत्री, माजावर येऊन गेलेली असते महिना-दोन महिन्यांपूर्वी, आणि आता ती खूप पाणी पिते, खूप लघवी करते, जेवत नाही, सुस्त पडून असते. घरच्यांना वाटतं उन्हाने झालं असेल. मागून पू येत असेल तर निदान लक्षात तरी येतं, पण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर एक थेंब दिसत नाही आणि आत विष पसरत असतं. स्वीडनमधल्या विमा असलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत दहा वर्षांच्या आत जवळपास चारातल्या एकीला हा आजार झालेला दिसला, आणि तिथे तेव्हा नसबंदी फार करत नव्हते, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच घरांसारखंच. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या जवळ जाड काळ्या नळ्या दिसतात, पाण्याने नाहीतर पुवाने भरलेल्या, पिल्लं नाहीत, ठोके नाहीत. निदानाला काही मिनिटं लागतात. आणि मग उपाय बहुतेक वेळा एकच, सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन तिला सावरायचं आणि गर्भाशय-अंडाशय काढून टाकायचं. नुसत्या गोळ्यांवर आठवडा काढलेली कुत्री टेबलावर येते तेव्हा तिची किडनीही गेलेली असू शकते. तो आठवडा फार महाग पडतो हो, आणि तो टाळता येतो म्हणूनच जीव तुटतो.

पाऊस लागला की चित्र बदलतं. लावणीच्या दिवसांत लेप्टो हा शब्द आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतो, उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून जखमेवाटे शरीरात. कुत्र्यालाही होतो तो असाच. ताप, उलट्या, डोळे पिवळे, लघवी कमी. सोनोग्राफीत किडन्या सुजलेल्या, बाहेरचा थर नेहमीपेक्षा पांढरट, कधी भोवती पाण्याची बारीक कड. पण यावरून लेप्टोच आहे असं कोणी छातीठोक सांगत असेल तर थांबा, किडनी इतर कारणांनीही अशी दिसते. रक्ताची आणि लघवीची तपासणी लागतेच, आणि ती होईपर्यंत त्या कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घाला, कारण हा आजार माणसाला होतो. गोचीड तापाचंही तसंच. प्लीहा मोठी दिसते, पण गोचिडातून आलेला जंतू एर्लिकिया की बबेसिया ते रक्तच सांगणार.

म्हणजे सोनोग्राफीला आकार दिसतो, काम दिसत नाही. लिव्हर दिसायला झकास आणि रक्तात सगळे आकडे बिघडलेले, असं होतं. प्लीहेवर गाठ दिसली तर ती साधी रक्ताची गाठ आहे की हिमॅन्जिओसार्कोमा नावाचा वाईट कॅन्सर, जो जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोरमधे जास्त दिसतो, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. नेमकी ही गोष्ट मालकाला स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण स्क्रीनवरची गाठ बघून घाबरून कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचा निर्णय घेणारे आहेत, आणि ती गाठ साधीही निघू शकते. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत कोणालाच खात्री नसते. आणि चित्र काढणारा हात कसा आहे त्याच्यावरही खूप आहे, तेच मशीन, तेच पोट, एकाला दिसतं आणि दुसऱ्याला नाही.

हायवेवर गाडीने उडवलेल्या कुत्र्याला मात्र पूर्ण पोट बघत बसायचं नसतं. चार ठरलेल्या जागी प्रोब ठेवायचा, मोकळं पाणी आहे का बघायचं, दोन-चार मिनिटांचं काम. ही पद्धत माणसांच्या अपघात विभागातून आलीय. पहिल्यांदा काही दिसलं नाही तरी थोड्या वेळाने परत बघतात, कारण रक्त हळूहळू साठतं.

कुत्री गाभण आहे का, हे सोनोग्राफीत साधारण २५ दिवसांनंतर कळतं, ठोकेही दिसतात. किती पिल्लं आहेत ते मोजायचं असेल तर शेवटच्या आठवड्यात, हाडं धरल्यावर, एक्स-रेच बरा. चिपळूण-रत्नागिरीच्या फ्लॅटमधे आता पर्शियन मांजरं दिसतात, त्यांच्यात किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो, पिल्लं घ्यायच्या आधी एकदा बघून घ्या. आणि बोका सारखा मुतायला बसतोय आणि थेंब येत नाही, तर ते पोट साफ न होणं समजू नका, लघवी तुंबली असेल तर दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं, सोनोग्राफीची अपॉइंटमेंट बघत बसू नका, लगेच न्या.

ठरवून जाणार असाल तर आठ-दहा तास खायला देऊ नका, पाणी चालेल. लहान पिल्लू असेल किंवा डायबेटिस असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दवाखान्यात शिरायच्या आधी खांबाशी लघवी करू देऊ नका, भरलेलं मूत्राशय असलं की आजूबाजूचंही नीट दिसतं. भूल सहसा लागत नाही, मांजर फारच घाबरत असेल तर आधी शांत करायचं औषध देतात. या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो, परत परत केली तरी त्याची भीती नाही. निघताना नुसता कागद घेऊन निघू नका, मोजलेले आकडे लिहून घ्या आणि व्हिडिओ क्लिप मोबाईलवर मागून घ्या, घाट चढायची वेळ आलीच तर पुढच्या डॉक्टरला त्या आधीच पाठवता येतात आणि तुम्ही पोचेपर्यंत तो टेबल तयार ठेवतो.