उष्णता दिसू लागली तेव्हा

(दृश्य : एमआरआय कक्ष. यंत्राची लयबद्ध ठकठक.)

कवटीला पाडलेलं छिद्र जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं. त्यातून आत गेलाय लेसरचा बारीक फायबर आणि त्याचं टोक आहे थॅलॅमस या मेंदूच्या गाभ्यातल्या भागात, तिथे वाढलेल्या एका गाठीत (ट्यूमरमध्ये). कवटी उघडून इथवर यायचं, तर वाटेतल्या निरोगी मेंदूला धक्का लागतो. म्हणून अशा गाठींवर ‘शस्त्रक्रिया शक्य नाही’ असा शेरा पडायचा.

या उपचाराचं नाव लेसर इंटरस्टिशियल थर्मल थेरपी. डॉक्टरांच्या तोंडी नुसतं ‘लिट’. गाठ आतूनच तापवून मारायची! ब्रिटनचे डॉ. स्टीफन बाउन यांनी लेसरचा असा वापर १९८३ मध्येच मांडला होता. मग इतकी वर्षं अडलं कुठे? आत किती तापलंय, हेच दिसत नव्हतं. मेंदूत अंदाजाने आच कोण लावणार?

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर पसरत जाणारे रंग.)

वाट मोकळी केली ती एमआरआयने. ऊतीतलं पाणी तापलं की त्यातल्या हायड्रोजनच्या संदेशाची वारंवारता किंचित बदलते. त्यावरून तापमानाचा नकाशा तयार होतो, दर काही सेकंदांनी नवा. ४३ अंशांच्या वर पेशी मरायला काही मिनिटं लागतात. ६० अंशांना त्या जवळपास तत्काळ मरतात. १०० च्या जवळ मात्र जायचं नाही, तिथे पाण्याची वाफ होते. ठरवलेली मर्यादा ओलांडली, की यंत्र लेसर आपोआप बंद करतं. खरं कौतुक लेसरपेक्षा या नकाशाचं आहे.

रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. पण हा जादूचा दिवा नव्हे. साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ एका फायबरला आवरत नाही. शेजारची रक्तवाहिनी उष्णता वाहून नेते आणि गाठीची कड जिवंत राहू शकते. नंतर सूज येते, स्टिरॉइड द्यावे लागतात. पहिल्या काही आठवड्यांच्या स्कॅनमध्ये तर डाग मोठाच दिसतो. घरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अतिशय आक्रमक कर्करोग यानेही बरा होत नाही.

एका अडचणीत मात्र ‘लिट’ विशेष कामी येतं. रेडिएशन दिलेला डाग काही महिन्यांनी पुन्हा वाढू लागतो. कर्करोग परतला, की किरणांनीच ऊती मेल्या? स्कॅनवरून नेहमी कळत नाही. अशा वेळी त्याच छिद्रातून आधी तपासणीसाठी तुकडा काढतात. निदान दोन्हींपैकी कुठलंही निघो, लेसर दोन्हींवर चालवता येतो.