हातात कुपी, मागे सीआयए: पॉवेल यांचं ते भाषण

नमस्कार मंडळी! बॉडी लँग्वेजवर व्हिडिओ कर म्हणून बरेच जण मागे लागलेत, पण नाकाला हात लावला म्हणजे माणूस खोटं बोलतोय असलं काही मी सांगणार नाहीये, तो निव्वळ टाइमपास आहे. त्यापेक्षा एक खरं भाषण बघू. ५ फेब्रुवारी २००३, न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद. बोलतायत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल, आणि पटवायचंय काय, तर इराककडे महाविनाशक शस्त्रं आहेत.

आधी फ्रेम बघा. पॉवेल यांच्या मागे कोण बसलंय? जॉर्ज टेनेट, सीआयएचे म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचे तेव्हाचे प्रमुख. माणूस एक शब्द बोलत नाही, नुसता बसलाय, पण बघणाऱ्याला वाटतं की आतली सगळी माहिती ज्याच्याकडे आहे तोच सोबत आलाय म्हणजे प्रकरण पक्कं असणार. त्यात पॉवेल स्वतः माजी जनरल, १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे सगळ्यात वरचे लष्करी अधिकारी. आवाज चढत नाही, घाई नाही. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतात की मी जे बोलतोय त्याला भक्कम आधार आहे. झालं, ऐकणारा निम्मा तिथेच वळला.

आता ती कुपी. चिमटीत धरून वर उचलतात आणि म्हणतात, २००१ मध्ये चमचाभरही नसेल एवढ्या अँथ्रॅक्सने, म्हणजे जीवघेण्या रोगाच्या जंतूंच्या पुडीने, अमेरिकेची सिनेट बंद पडली होती. मग लगेच, इराकचा सत्ताधीश सद्दाम २५,००० लिटर बनवू शकला असता, म्हणजे हजारो हजारो चमचे. इथे जरा थांबा, कारण खरी गंमत इथेच आहे. २५,००० लिटर कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही हो, चमचा येतो, म्हणून आधी चमचा दाखवायचा आणि मग गुणत सुटायचं. शिवाय अमेरिकेतली घटना आणि इराकचा आकडा शेजारी शेजारी ठेवले की त्यांचं नातं आपलं डोकंच जोडून टाकतं, त्यांना बोलावंही लागत नाही. आणि ते 'बनवू शकला असता' कुणाच्या लक्षात राहतं? हातातली कुपी राहते.

पुढे जैविक शस्त्रं बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळांचे ट्रक दाखवले. फोटो नाहीत बरं का, चित्रं! माहिती देणाऱ्यांच्या सांगण्यावरून काढलेली. १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रं आणली, त्या वेळी अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सननी याच परिषदेत विमानातून काढलेले खरे फोटो मांडले होते, त्याआधी सोव्हिएत प्रतिनिधी झोरिनना विचारलं होतं, भाषांतराची वाट बघू नका, हो की नाही ते सांगा. तिथे क्षेपणास्त्रं खरंच होती. इकडे थाट तोच, पण स्क्रीनवर रेखाटन.

पुढे अमेरिकेने इराकवर हल्ला केला, पण त्या युद्धानंतर तिथे तसा साठा काही सापडला नाही. २००५ च्या मुलाखतीत पॉवेल स्वतःच म्हणाले की हे भाषण माझ्या कारकिर्दीवरचा डाग आहे. म्हणून मला ते देहबोली वाचून खोटं पकडणारे एक्सपर्ट पटत नाहीत, कारण पॉवेल यांच्या हातात, डोळ्यांत, आवाजात पकडण्यासारखं काय होतं? माणूस शांत होता.

क्लिप आवाज बंद करून एकदा बघा, फक्त टेनेट आणि ती कुपी. मग कमेंटमध्ये सांगा, तुम्हाला पटलं असतं का?