टेलिफोनच्या तारेपासून मोबाइल टॉवरपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या खिशातला मोबाइल दिवसभर जवळच्या टॉवरशी संपर्क साधत असतो. आपण कुणाला फोन केला नाही तरी तो कुठल्या भागात होता, याची नोंद कंपनीकडे जमा होत राहते. पोलिसांनी ही नोंद मागितली तर ती कुणाच्या परवानगीनं द्यायची? अमेरिकेत या प्रश्नाचा निर्णय २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं दिला आणि तो एका मताच्या फरकानं झाला. त्या एका मतापर्यंतचा प्रवास आज मला तुम्हाला सांगायचा आहे.

सुरुवात ब्रिटिश अमदानीतल्या बोस्टनपासून करायला हवी. तिथले कस्टमचे अधिकारी तस्करीचा माल शोधण्याच्या नावाखाली एकच सरसकट वॉरंट घेऊन कुणाच्याही घरात, कुणाच्याही गोदामात शिरायचे. १७६१ मध्ये जेम्स ओटिस या वकिलानं त्याविरुद्ध कोर्टात जोरदार युक्तिवाद केला. खटला तो हरला. पण पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन ॲडम्स त्या दिवशी कोर्टात बसून ऐकत होता, आणि स्वातंत्र्याचं बाळ तिथेच जन्माला आलं असं त्यानं म्हातारपणी लिहून ठेवलं. १७९१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत चौथी दुरुस्ती आली. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घ्यायची नाही. वॉरंट हवं असेल तर सबळ कारण दाखवा, आणि कुठं काय शोधायचं ते नेमकं लिहा.

हेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात मूलभूत हक्कांच्या यादीत घातले होते. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. ते कलम आपल्या राज्यघटनेत आलं नाही. यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पण १७९१ मध्ये टेलिफोन नव्हता. तो आल्यावर काय झालं, ते पाहू.

१९२० च्या दशकात अमेरिकेत दारूबंदी होती. सिएटल शहरात रॉय ओल्मस्टेड नावाचा माजी पोलीस अधिकारी दारूचा प्रचंड धंदा चालवत होता. सरकारी माणसांनी त्याच्या घरात पाऊल टाकलं नाही. त्यांनी रस्त्यावरच्या तारांना आणि त्याच्या कचेरीच्या इमारतीच्या तळघरात जोड दिला, आणि कित्येक महिने संभाषणं ऐकली. त्यांची टिपणं टाइप केली तेव्हा ७७५ पानं भरली. ओल्मस्टेड कोर्टात म्हणाला, ही माझ्या घराची झडतीच आहे. १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्याला नकार दिला. सरन्यायाधीश टॅफ्ट यांचं म्हणणं सरळ होतं: कुणी आत शिरलं नाही, कुठली वस्तू उचलली नाही, मग झडती कसली?

त्या निकालातलं न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांचं विरोधी मत आजही वाचावं असं आहे. सुखानं एकटं राहू देण्याचा हक्क हा सुसंस्कृत माणसाला सगळ्यात प्यारा हक्क आहे, असं ते म्हणाले. पुढे जाऊन त्यांनी बजावलं, की टेलिफोनवर गोष्ट थांबणार नाही. एक दिवस असा येईल की गुप्त कप्प्यातले कागद बाहेर न काढताच सरकार ते कोर्टात सादर करू शकेल. हे १९२८ सालचं लिखाण आहे, संगणकाच्याही आधीचं. अमेरिकी न्यायालयांत हरलेल्या बाजूचं मत असं छापून राहतं आणि पुढची पिढी ते उचलते. या व्यवस्थेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

ते उचललं जायला मात्र ३९ वर्षं लागली. लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर टेलिफोन बूथ होते. चार्ल्स कॅट्झ नावाचा माणूस तिथे येऊन, काचेचं दार लावून, मायामीला आणि बोस्टनला जुगाराचे आकडे फोनवरून कळवायचा. एफबीआयनं बूथच्या छतावर, बाहेरच्या बाजूला मायक्रोफोन बसवला. आत कुणी गेलं नाही, तारेला हात लावला नाही. जुन्या निकालाप्रमाणे कॅट्झ सहज हरायला हवा होता. पण १९६७ मध्ये न्यायालयानं तो निकाल बाजूला सारला. न्यायमूर्ती स्ट्युअर्ट यांनी लिहिलं, की चौथी दुरुस्ती माणसांचं रक्षण करते, जागांचं नाही. बूथ काचेचा होता, आतला माणूस सगळ्यांना दिसत होता, हे खरं. पण दार लावून घेताना त्याला रस्त्यावरच्या नजरा टाळायच्या नव्हत्या, परके कान टाळायचे होते. तेवढी अपेक्षा कुठल्याही माणसानं करावी अशीच आहे.

इथून वाट सरळ झाली असं मात्र नाही. १९७६ मध्ये बँकेच्या नोंदी आणि १९७९ मध्ये फिरवलेले टेलिफोन नंबर, या दोन्हींबाबत न्यायालयानं उलट दिशा पकडली. माहिती तुम्ही स्वतःच बँकेच्या, कंपनीच्या हवाली केलीत, तेव्हा ती खासगी उरली नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी तेव्हाच विचारलं होतं, की ज्याच्यावाचून घर आणि काम चालत नाही तो टेलिफोन वापरणं ही खुशीची निवड कशी? त्यांचंही मत अल्पमतात गेलं. मोबाइल घराघरांत पोचेपर्यंत हाच कायदा होता.

मग आला टिमोथी कार्पेंटरचा खटला, सुरुवातीला सांगितलेला २०१८ चा निकाल ज्यात लागला तो. मिशिगन आणि ओहायोमध्ये रेडिओशॅक आणि टी-मोबाइल या कंपन्यांच्या दुकानांवर दरोडे पडले होते आणि त्यात कार्पेंटरवर आरोप होता. पोलिसांनी साध्या वॉरंटपेक्षा कमी पुराव्यावर मिळणारा कोर्टाचा हुकूम घेतला आणि त्याच्या फोनच्या १२७ दिवसांच्या नोंदी मिळवल्या. त्यात त्याच्या ठावठिकाण्याचे १२,८९८ बिंदू होते, रोजचे शंभरेक. एफबीआयच्या अधिकाऱ्यानं नकाशे काढून दाखवलं, की चार दरोड्यांच्या वेळी हा फोन त्या त्या भागात होता. पण त्याच नोंदींत तो कुठं झोपला, रविवारी कुठं गेला, कुणाच्या घरी थांबला, हेही होतं.

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात लिहिलं, की ही पाळत म्हणजे फोन बाळगणाऱ्याच्या घोट्याला टेहळणीचं यंत्र बांधल्यासारखी आहे. शिवाय ती मागे जाऊन ठेवता येते. संशय आज आला तरी पाच वर्षांपूर्वीचा माणूस सापडतो. कंपनीच्या हवाली केलं म्हणून हक्क गेला, हे इथं लागू होणार नाही, वॉरंट आणा. निकाल पाच विरुद्ध चार. रॉबर्ट्स यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी केलेली, बाकीच्या चौघांची डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनी. खुद्द कार्पेंटरला त्याचा फायदा झाला नाही. पोलिसांनी त्या वेळच्या कायद्यावर विसंबून काम केलं होतं, असं म्हणून अपील न्यायालयानं त्याची शिक्षा कायम ठेवली.

आता यात राजकारण कुठं आलं? न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष निवडतात, सिनेट मान्यता देते आणि नेमणूक तहहयात असते. म्हणून एक रिकामी खुर्ची निवडणुकीचा मुद्दा बनते. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया वारले. ओबामांनी मेरिक गारलँड यांचं नाव सुचवलं, पण रिपब्लिकन सिनेटनं सुनावणीच घेतली नाही आणि पुढच्या वर्षी त्या जागी ट्रम्प यांनी नेमलेले गोर्सच आले. २०२० मध्ये न्यायमूर्ती गिन्सबर्ग गेल्या तेव्हा त्याच सिनेटनं निवडणूक आठवड्यावर आलेली असताना नव्या न्यायाधीशांना मान्यता दिली. कार्पेंटरच्या बाजूनं मत देणाऱ्या पाचांपैकी गिन्सबर्ग आणि ब्रायर आज तिथं नाहीत.

तरीही पक्षाचा शिक्का मारून मोकळं होऊ नये. २००१ मध्ये घराच्या भिंतीतून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याविरुद्ध निकाल लिहिला तो स्कालिया यांनीच, आणि ते तर सनातनी विचारांचे. अटक झालेल्या माणसाचा मोबाइल वॉरंटशिवाय उघडायचा नाही, हा २०१४ चा निकाल तर नऊही जणांचा होता.

कायदेमंडळही कधीकधी झटपट हलतं. १९८७ मध्ये रॉबर्ट बॉर्क यांच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीवरून वाद पेटलेला असताना एका वृत्तपत्रानं त्यांच्या कुटुंबानं भाड्यानं आणलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी छापली. सिनेटनं बॉर्क यांना नाकारलं. पण पुढच्याच वर्षी कॅसेटच्या नोंदी गोपनीय ठेवणारा कायदा झाला. मोबाइलच्या ठावठिकाण्यासाठी मात्र १९८६ चा कायदा पुरवून पुरवून वापरत राहिले, आणि शेवटी न्यायालयालाच हात घालावा लागला.

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१४ चा तो निकाल विमानतळावर तसाच्या तसा चालत नाही. देशात शिरताना कस्टमचे अधिकारी वॉरंट न घेता फोन पाहू शकतात, अशी सरकारची भूमिका आहे. फोन यंत्राला जोडून आतलं सगळं उतरवून घेण्याबद्दल वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. कुठं काहीतरी संशय असावा लागतो, कुठं तेवढाही लागत नाही. न्यूयॉर्कमधल्या काही जिल्हा न्यायाधीशांनी वॉरंट हवंच असं म्हटलं आहे. तेव्हा तुमचं विमान कुठल्या शहरात उतरतं, यावरही तूर्त बरंच अवलंबून आहे.

नमस्कार.