थांबे घेत जाणारी पुस्तकफेरी

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या लेखक-प्रकाशक मेळाव्यातल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘आभासी पुस्तकदौरा’. हा शब्द मी दिलेला नाही. आभासी म्हटलं की मृगजळ डोळ्यांपुढे येतं आणि दौरा म्हटलं की लाल दिव्याची गाडी. मी ज्याबद्दल बोलणार आहे त्यात लेखक खरा असतो, ऐकणारी माणसं खरी असतात आणि पुस्तकाचे पैसे तर फारच खरे असतात. फक्त लेखक आपल्या घरच्या खुर्चीतून उठत नाही, इंटरनेटवरूनच एकेका ठिकाणच्या वाचकांना भेटतो, एवढंच. म्हणून मी म्हणतो पुस्तकफेरी. हा शब्दही माझा नाही, आमच्या एका लेखकाचा आहे. हे गृहस्थ एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या आणि त्या मी छापल्या. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो, कंडक्टरला गावोगावी म्हणतात तसं. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल, भाषणाच्या नावाखाली जाहिरात करून गेला.

पुस्तक छापून आलं फेब्रुवारी २०२० मध्ये. प्रकाशन समारंभ ठरला एप्रिलमध्ये, हॉलचं आगाऊ भाडंही भरलं. २५ मार्चला देश बंद झाला. हॉल गेला, पाहुणे गेले, गठ्ठे माझ्या घरातल्या दिवाणाखाली गेले. मग त्या दिवसांत सगळ्यांनी जे केलं तेच मीही केलं. फेसबुकवर लाइव्ह कार्यक्रम ठेवला. एका मोठ्या वक्त्यांना गळ घातली. ते तासभर बोलले, त्यातलं पुस्तकाबद्दल किती हे विचारू नका. पडद्यावर बदाम तरंगत होते. ‘नमस्कार सर’, ‘आवाज येत नाहीये’, ‘आता येतोय’, ‘खूप छान’. मी खूश. आठवड्याने हिशेब केला तर नऊ प्रती गेल्या होत्या आणि त्यातल्या चार मास्तरांच्या मेव्हण्यांनी घेतल्या होत्या.

मी तोंड पाडून मास्तरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, गाडी डेपोतच उभी होती की आपली. इंजिन चालू, लाइट चालू, हॉर्नबी वाजवला. पण थांबा कुठं घेतला? ज्याला चढायचंय तो त्याच्या फाट्यावर उभा हाय.’

आज मला जे सांगायचंय ते सगळं यात आलं. पुढचं फक्त तपशिलासाठी ऐका.

लेखकानं गावोगाव फिरावं, स्वतःचं वाचून दाखवावं, ही कल्पना जुनी आहे. चार्ल्स डिकन्स डिसेंबर १८६७ ते एप्रिल १८६८ अमेरिकेत आपल्याच गोष्टी वाचत हिंडला. लोक तिकिटं काढून यायचे. प्रकृती मात्र पार खालावली. मार्क ट्वेनची गोष्ट तर प्रकाशकांनी देव्हाऱ्यात लावावी अशी. त्यानं स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १८९४ मध्ये ती बुडाली. कर्ज फेडायला हा माणूस १८९५ मध्ये जगभर व्याख्यानं देत निघाला आणि जानेवारी १८९६ मध्ये आपल्या मुंबईत उतरला. पुस्तकं छापून बुडालेला माणूस बोलून वर आला. मी हे आमच्या हिच्यापाशी अनेकदा बोललोय, पण तिचा प्रश्न असतो, ‘तुम्ही मार्क ट्वेन आहात का?’

पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार यांचं कथाकथन ज्यांनी ऐकलंय ते या सभागृहातही असतील. व. पु. काळे तर मुंबई महापालिकेतली वास्तुविशारदाची नोकरी सांभाळून कथाकथन करत हिंडायचे. त्या काळी कुणी त्याला ‘प्रमोशन’ म्हटलं नाही. पण आदल्या रात्री मिरासदारांची गोष्ट ऐकून पोट दुखेपर्यंत हसलेला माणूस दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांचंच पुस्तक मागणार, हे काय सांगायला हवं?

या कार्यक्रमांमागे एक माणूस असायचा. संयोजक. गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस, कॉलेजातले मराठीचे सर, नाहीतर वाचनालयाचा कार्यवाह. तो पंधरा दिवस आधी गावात सांगत फिरायचा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे. तिथे संध्याकाळी जाऊन बसणारा पुणेकर प्रत्येक वक्त्याला कुठे ओळखतो? तो व्याख्यानमालेला ओळखतो. तिनं बोलावलंय म्हणजे ऐकण्याजोगा असेल, या भरवशावर तो घरातून निघतो. पुस्तकफेरीत लेखक जो उसना घेतो तो हा भरवसा. पडदा, कॅमेरा, जोडणी या सगळ्या त्यानंतरच्या गोष्टी.

इंग्रजीत इंटरनेटवरची फेरी साधारण वीस वर्षांपूर्वी ब्लॉगांवरून रुळली. लेखक दोन-तीन आठवडे रोज एका नव्या ठिकाणी ‘उतरायचा’. आज इथे मुलाखत, उद्या तिथे पुस्तकातला उतारा, परवा कुणाचं परीक्षण. त्यांना घाई असते, कारण दुकानाच्या पुढच्या टेबलावर नवं पुस्तक फार दिवस टिकत नाही. आमचं पुस्तक मुळात टेबलावर गेलंच नव्हतं, दिवाणाखाली होतं. त्यामुळे आम्ही चांगले नऊ महिने घेतले.

मास्तरांनी वेळापत्रक केलं ते अक्षरशः एसटीच्या पाटीसारखं. पहिला थांबा १ जूनला. कारण १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली होती, आणि मास्तरांच्या घरी हा दिवस सणासारखा असतो. त्या दिवशी निवृत्त एसटी कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी चार मिनिटांचं वाचन रेकॉर्ड करून टाकलं, नुसता आवाज. चित्र नाही, पाहुणा नाही. प्रवासी चढल्यावर ट्रेमधून तिकीट काढून पंच मारल्याचा आवाज त्यांनी तोंडानं काढला होता. राज्यभरात एसटी जवळजवळ उभीच होती ते दिवस. तो आवाज रात्रीतून कुठल्या कुठल्या डेपोपर्यंत पोचला ते आम्हाला ऑर्डरींच्या पत्त्यांवरून कळलं.

मग बेळगावचं एक वाचनालय, इंदूरचं एक मराठी मंडळ, एका कनिष्ठ महाविद्यालयाचा अकरावीचा वर्ग, बँकेतल्या बायकांचा वाचनगट, इन्स्टाग्रामवर पुस्तकांबद्दल बोलणारी एक कॉलेजची मुलगी. मास्तरांचा नियम होता, एका थांब्यावर फाडलेलं तिकीट पुढच्या थांब्यावर चालवायचं नाही. बेळगावला हद्दीवरचे प्रवासी आणि त्यांची तीन भाषांतली भांडणं. बँकेतल्या बायकांपुढे सुट्ट्या पैशांचं प्रकरण, कारण सुट्ट्यांचं दुःख कॅशियरइतकं कुणाला कळणार? अकरावीच्या मुलांना त्यांनी काही वाचून दाखवलंच नाही. पासवर फोटो दुसऱ्याचा लावून प्रवास करणारी पोरं ते कशी पकडायचे, ते सांगितलं. मुलं इतकी खूश झाली की शेवटी मास्तरांनाच ‘हे करू नका बरं का’ म्हणून समारोप करावा लागला.

सगळ्यात मोठा थांबा न्यू जर्सीचा, मार्च २०२१ मधला. आणि तिथे मी घोळ घातला. फेब्रुवारीत मोजून पत्रिका पाठवली : भारतात रात्री साडेआठ, तिकडे सकाळी दहा. कार्यक्रम होता मार्चच्या तिसऱ्या रविवारी. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. आपलं घड्याळ बारा महिने तेच, त्यामुळे हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. तिकडची मंडळी त्यांच्या दहाला हजर. इकडे वाजले होते साडेसात आणि मास्तर भाकरी खात होते. ते तसेच हात धुऊन, बनियनवर शर्ट चढवून कॅमेऱ्यापुढे बसले. त्यात लंडनहून दोघं-तिघं येणार होते. इंग्लंडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे त्यांचा हिशेब आणखी निराळा. ते आले तेव्हा कार्यक्रम संपत आला होता. तेव्हापासून मी पत्रिकेवर प्रत्येक गावाची वेळ त्या-त्या तारखेची म्हणून तपासतो आणि तिथल्या माणसाकडून खात्री करून घेतो. तुम्हीही करा.

पण त्या दिवशी जे झालं ते मी विसरणार नाही. मास्तरांनी वाचायला घेतलं ते डब्यांचं प्रकरण. शिकायला सांगलीला, पुण्याला राहिलेल्या पोरांचे जेवणाचे डबे गावाकडून एसटीनं यायचे. आई पहाटे उठून डबा बांधायची, वडील तो गाडीवर आणून द्यायचे, कंडक्टर आपल्या सीटखाली ठेवायचा आणि पोरगं स्टँडवर वाट बघत उभं असायचं. मास्तरांनी दोन पानं वाचली आणि पलीकडून एक गृहस्थ मध्येच बोलले, ‘मास्तर, आमचा डबा विट्याच्या गाडीनं यायचा. कापडावर आईनं लाल दोऱ्यानं नाव शिवलं होतं.’ मग एकेक जण सुरू झाला. कुणाच्या डब्यात चिठ्ठी असायची, कुणाची गाडी बंद पडली की उपास. तासाभरात मास्तर सगळे मिळून वीस मिनिटं बोलले असतील. बाकी वेळ ते फक्त ‘हां, हां, कुठली गाडी?’ एवढंच विचारत होते. लेखकानं गप्प बसायचं कधी, हे ज्याला कळतं त्याचं पुस्तक जातं, असा माझा अनुभव आहे. आपल्यातल्या पुष्कळ लेखकांना ते कळत नाही, राग मानू नका.

विक्री? तिथल्या बहुतेकांनी पत्ता दिला तो पुण्याचा, कोल्हापूरचा. ‘आईकडे पाठवा, दिवाळीला आलो की घेऊन जाईन.’ परदेशी टपालाचा खर्च पुस्तकाच्या किमतीला गाठतो, हे त्यांनाही ठाऊक असतं. म्हणजे पुस्तक आधी आई वाचणार, शेजारीण वाचणार. मला चालतं.

आता थोडं कामाचं. संयोजकाला पुस्तक किमान तीन आठवडे आधी पोचलं पाहिजे, न वाचता प्रश्न विचारणारा संयोजक म्हणजे नुसता निवेदक. टपालखात्यानं १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलंय, त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपयांत जातं, कर वेगळा. गाडी सावकाश जाते, म्हणून लवकर टाका. दुसरं, उतारा देताना युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येईल अशा अक्षरसंकेतात, द्या. आपण अजून पुष्कळ जण जुन्या फॉन्टांत अक्षरजुळणी करतो. तो मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. माझ्याकडून असा एक उतारा गेला होता. संयोजकांनी विचारलं, ‘ही कुठली भाषा?’ तिसरं, झूमची फुकटची बैठक ४० मिनिटांत तुटते. आम्ही ती अडचण मानलीच नाही, एरवीचा कार्यक्रमच पस्तीस मिनिटांचा केला. आणि पुस्तक मागवायचा क्रमांक, क्यूआर कोड कार्यक्रम चालू असताना पडद्यावर राहू द्या. दुसऱ्या दिवशी दुवा पाठवू म्हटलं की संपलं, तोवर त्या माणसाच्या मोबाइलवर दुसरं काहीतरी आलेलं असतं.

‘तुमच्या पुस्तकाचं प्रमोशन करतो, अमुक हजारांचं पॅकेज आहे’ असे फोन तुम्हाला येतील. मला आठवड्याला एक येतो. मी नाही म्हणतो. त्या इन्स्टाग्रामवाल्या मुलीला मी पुस्तक दिलं, पैसे दिले नाहीत आणि स्तुतीही मागितली नाही. तिनं सरळ सांगितलं की मधली तीन प्रकरणं कंटाळवाणी आहेत. मास्तर दुखावले. पण तिचं ऐकून ज्या पोरांनी पुस्तक घेतलं त्यांनी ती तीन प्रकरणं आधी वाचली, खरंच कंटाळवाणी आहेत का ते बघायला.

हे सगळ्याच पुस्तकांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पाककृतीच्या पुस्तकाला पडदा फार मानवतो. दहा-बारा जणांपुढे वाचलेली कविताही चांगली पोचते. सहाशे पानांच्या कादंबरीची फेरी मी एकदा काढली आणि चौथ्या थांब्यावर सोडून दिली, कारण कुठलाही उतारा वाचला तरी मागचं काय ते सांगण्यातच वेळ जायचा.

मास्तरांकडे एक वही आहे. वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखे, रकाने आखलेली. थांबा, तारीख, चढले किती, पुस्तकं किती, शेरा. त्यात विदर्भातल्या एका छोट्या वाचनालयाची नोंद आहे : चढले ११, पुस्तकं ०, शेरा ‘लाइट गेली’. ती जुलैमधली. पुढे मार्चअखेरीला, वाचनालयांची खरेदी होते तेव्हा, त्याच वाचनालयाकडून सहा प्रतींची मागणी आली. एक त्यांना आणि पाच आजूबाजूच्या गावांतल्या वाचनालयांना. मी मास्तरांना कळवलं. पुढच्या खेपेला घरी गेलो तर त्यांनी वही काढून दाखवली. शून्य तसंच ठेवलं होतं. शेजारी लाल शाईनं लिहिलं होतं : ‘६, मागाहून चढले.’