काळ्या दगडाचं गाव

भीमा आणि सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलला, शिलालेख शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ हे साल सांगतो. दगड कुठून आणला, ते सांगत नाही.

सोलापूरकडे तो प्रश्न तसा अवघडच. शहाबादी फरशी कलबुर्गीकडची, हे कुणीही सांगेल. पण जातं, पाटा, नंदी सगळं काळ्या बेसाल्टचं, आणि पायाखालचा कातळही तोच, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. डोळा इथे हरतो, म्हणून दगडाचं रसायन तपासायचं.

जुनी वस्तू फोडता येत नाही. हातात मावणारं एक्सआरएफ यंत्र तिच्यावर टेकवायचं; ते क्ष-किरण सोडतं आणि परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्यं ओळखतं. टायटॅनियम, स्ट्राँशियम, झिर्कोनियमचे आकडे भरवशाचे मिळतात; सोडियम या यंत्राला दिसत नाही.

खरी कसोटी जागा निवडण्यात. शेंदराचं पुट नको. त्यात शिसं असतं, आणि शिशाच्या क्ष-किरणांची एक रेषा नेमकी यट्रियम या मूलद्रव्याच्या रेषेला चिकटते. चुन्याने कॅल्शियम फुगतं. झिजून पिवळट पडलेली साल, झिओलाइट या पांढरट खनिजाने भरलेली भोकं, तीही टाळायची. यंत्राची खिडकी जेमतेम ८ मिलिमीटरची. तिच्याखाली फेल्स्पार या खनिजाचा मोठा स्फटिक आला, तर स्ट्राँशियम उगाच चढतं. म्हणून एका वस्तूवर निदान ५ जागा, प्रत्येकी मिनिटभर. सुरुवातीला आणि शेवटी हवाई बेटावरच्या बेसाल्टची प्रमाणित पूड, बीएचव्हीओ-२, मोजायची. तिच्यात टायटॅनियम ऑक्साइड २.७३ टक्क्यांच्या आसपास यायलाच हवं.

तुटलेला तुकडा हाती आला, तर प्रयोगशाळेत कुटायला खल अगेटचा, म्हणजे अकीक दगडाचा. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन आणि कोबाल्ट नमुन्यात उतरतात.

मग सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांशी ताळा. बुशे नावाच्या थरात सिलिका जास्त, टायटॅनियम कमी. आंबेनळी नावाच्या थरात नेमकं उलट. पण एकेक थर शेकडो किलोमीटर पसरलेला. त्यामुळे थर कळतो, खाण कळत नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळातली वेदीशिला स्कॉटलंडची, हे २०२४मध्ये झिर्कॉनसारख्या खनिजकणांच्या वयांवरून कळलं. आपल्या बेसाल्टमध्ये झिर्कॉन नसल्यातच जमा.

‘हा दगड इथला नाही’ एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं. तेही वरवंटा गोटीव, गुळगुळीत असेल तर जपून. भीमा उगम पावते भीमाशंकरला. घाटातला गोटा सोलापूरपर्यंत माणसानेच आणला असेल, असं नाही.