टीएसएच वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं?

सोलापूरचा पूर्व भाग, सकाळचे साडेसात. मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू झालीय आणि इथं लॅबच्या बाकड्यावर एक अक्का आपला रिपोर्ट उलटासुलटा करून बघतायत. टीएसएच ८.२, ठळक अक्षरात, पुढं वर जाणारा बाण. शेजारची मावशी डोकावून म्हणते, "अगं बया, थायरॉईड लईच वाढलंय की तुझं!"

वाढलेलं नाही ओ, मंदावलंय. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, तो थायरॉईडमध्ये बनतच नाही, तो येतो मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी टी-४ आणि टी-३ हे हार्मोन बनवते, ती ढिली पडली की पिट्युटरी कारखान्यातल्या मुकादमासारखी ओरडायला लागते, आणि ते ओरडणं म्हणजे टीएसएच. बहुतेक लॅबमध्ये ०.४ ते ४ च्या आसपास नॉर्मल धरतात, पण रेंज आपल्याच रिपोर्टवरची बघायची, गरोदर बाईची तर वेगळीच असते.

आता नजर फ्री टी-४ वर, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या टी-४ वर न्या. अक्कांचा तो नॉर्मल आहे. टीएसएच वाढलेला पण टी-४ जागेवर, याला डॉक्टर सबक्लिनिकल म्हणतात. अशा वेळी बरेचदा लगेच थायरॉईडची गोळी देत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी परत तपासतात, सोबत अँटी-टीपीओ करतात, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटलंय का ते बघणारी रक्ततपासणी. १० च्या वर गेला की मात्र गोळीकडे कल झुकतो. गरोदरपण असेल तर वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टरकडे.

आणि एक गंमत. केस गळतात म्हणून अक्का मेडिकलमधून बायोटिन या व्हिटॅमिनची गोळी आणून खातायत, जास्त पॉवरची. केस कदाचित थायरॉईडमुळंच गळत असतील, आणि हे बायोटिन काही मशीनवर टीएसएच खोटा कमी दाखवतं नि टी-४ खोटा जास्त! म्हणजे खरा आकडा ८.२ च्याही वर असू शकतो, आणि हे रिपोर्टवर बरेचदा लिहिलेलं नसतं.

ज्यांची थायरॉईडची गोळी आधीच चालू आहे त्यांनी डोस बदलल्यावर आठवड्यात रक्त द्यायला पळू नये, टी-४ रक्तात निम्मा व्हायलाच आठवडा लागतो, सहा ते आठ आठवडे थांबायचं. गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी. कॅल्शियम, लोहाची गोळी चार तासांनी.

अक्कांना डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काय औषध घेताय?" त्यांनी पिशवीतून केसांच्या गोळ्यांची बाटली काढली. बाटली टेबलावरच राहिली, दोन-तीन दिवस त्या गोळ्या बंद ठेवून परत रक्त द्यायचं ठरलं.