स्वस्तातला कर्व्ह्ड मॉनिटर घ्यावा का?

नमस्कार. १० ते १५ हजार रुपयांत मिळणारा २४ किंवा २७ इंची कर्व्ह्ड, म्हणजे बाक दिलेल्या वक्र पडद्याचा, मॉनिटर घ्यावा का, हा प्रश्न सांगलीत विश्रामबागेत खोली घेऊन राहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी विचारतात, तसा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानाचे हिशेब सांभाळणारेही विचारतात. दोघांना एकच उत्तर देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे नीट समजून घेतले तर खरेदी पुष्कळ सोपी होते.

खोक्यावर १५००आर किंवा १८००आर असे लिहिलेले असते. हा आकडा मिलिमीटरमधल्या त्रिज्येचा असतो, म्हणजे १५००आर पडद्याची गोलाई पुढे वाढवत नेली तर दीड मीटर त्रिज्येचे वर्तुळ तयार होईल. आकडा जितका लहान, तितका बाक जास्त.

(पडद्यावर आकृती : वरून दिसणारे २४ आणि ३४ इंची पडदे, समोर बसलेली व्यक्ती)

२४ इंची पडदा (इंचांचे हे माप कर्णाचे असते) सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो आणि १५००आरच्या हिशेबाने त्याचा मध्य कडांपेक्षा फक्त २३ मिलिमीटर, म्हणजे एका इंचाहूनही कमी, आत जातो. ६० सेंटिमीटर अंतरावर बसले तर सपाट २४ इंची पडद्याची कडही केवळ २४ अंशांच्या तिरकस कोनातून दिसते, त्यामुळे वक्रतेने सोडवावी अशी मोठी अडचण तिथे मुळात नसते. ३४ इंची रुंद पडदा मात्र सुमारे ८० सेंटिमीटरचा असतो, त्याची कड जवळजवळ ३४ अंशांतून दिसते, आणि तिथे तो बाक डोळ्यांना व मानेला खरोखर उपयोगी पडतो. अशा मोठ्या मॉनिटरवरचा, म्हणजे ३२ इंचांपुढच्या पडद्यांवरचा, जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तरीही तो आपल्या आजच्या बजेटच्या बाहेरच राहतो.

मग स्वस्त कर्व्ह्ड मॉनिटर घेताना आपण नक्की काय विकत घेतो? माझ्या मते आपण व्हीए पॅनेल विकत घेतो. पॅनेल म्हणजे चित्र दाखवणारा पडद्याचा मुख्य भाग; व्हीए आणि आयपीएस हे त्याचे दोन प्रकार. या किमतीतले बहुतेक वक्र पडदे व्हीए प्रकारचे असतात, आणि निर्णय बाकाकडे पाहून न घेता या पॅनेलचे गुणदोष पाहून घ्यायला हवा. व्हीएमध्ये विद्युतदाब नसताना द्रवस्फटिक काचेला लंब उभे राहतात आणि मागचा प्रकाश चांगला अडवतात, म्हणून त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या व काळ्याच्या उजळपणाचे गुणोत्तर, साधारण ३०००:१ असतो, तर नेहमीच्या आयपीएसचा १०००:१ च्या आसपास असतो. रात्री दिवा मालवून चित्रपट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक लगेच जाणवतो, कारण काळा रंग करडा न दिसता काळाच दिसतो. परंतु तेच स्फटिक गडद छटांमध्ये हळू हलतात, त्यामुळे वेगवान गेममध्ये अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूंमागे काळपट ओघळ उमटतात. शिवाय बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. गल्ल्यावर दोघे-तिघे मिळून एकाच पडद्यावर बिल पाहत असतील तर बाजूच्या माणसाला ते फिकेच दिसणार. दुकानाचे तोंड रस्त्याकडे असेल तर उजेडात व्हीएचा कॉन्ट्रास्टही वाया जातो, आणि वक्र पृष्ठभागावर उजेडाचे लांबट पट्टे पडतात ते वेगळेच.

आता मजकुराकडे वळतो, कारण आपल्याकडे या मुद्द्याचा फार कमी विचार होतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९२० गुणिले १०८० रिझोल्यूशनचा, म्हणजे आडवे-उभे इतके पिक्सेल (चित्राचे ठिपके) असलेला ‘फुल एचडी’ २४ इंची पडदा प्रत्येक इंचात सुमारे ९२ पिक्सेल देतो; तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर ताणले की ८२ उरतात. इंग्रजी अक्षरे तेवढ्यात निभावून जातात, पण देवनागरीत रफार, अनुस्वार, वेलांट्या आणि ‘द्ध’, ‘ष्ट्य’ यांसारखी जोडाक्षरे तेवढ्याच उंचीत बसवावी लागतात आणि ती एकमेकांत मिसळू लागतात. दिवसभर मराठी टंकलेखन किंवा डीटीपी करणाऱ्याने २७ इंची फुल एचडी, मग तो वक्र असो वा सपाट, घेऊ नये. २७ इंचच हवे असतील तर २५६० गुणिले १४४० घ्यावा, ज्यात इंचाला सुमारे १०९ पिक्सेल मिळतात. लग्नपत्रिका जुळवणारे किंवा ऑटोकॅडवर नकाशे काढणारे यांना रेषेचा सरळपणा डोळ्यांनी पारखावा लागतो, म्हणून त्यांनी सपाटच घ्यावा.

जाहिरातीतले आकडेही तपासा. चित्र किती झटपट बदलते हे सांगणारा ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा बहुधा मागचा प्रकाश चालू-बंद करून मिळवलेला असतो आणि तो पर्याय लावला की पडदा मंद होतो. २५० निट्स (निट हे उजळपणाचे एकक) प्रकाशाच्या पडद्यावरच्या ‘एचडीआर’ चिन्हाला, म्हणजे अतिउजळ आणि अतिगडद छटा एकत्र दाखवण्याच्या दाव्याला, मी किंमत देत नाही, कारण पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर या प्रमाणपत्राची सर्वांत खालची पायरीच ४०० निट्सची आहे.

तेव्हा गेम आणि चित्रपट हेच मुख्य काम असेल, एकटेच समोर बसणार असाल आणि खोलीत उजेड बेताचा असेल, तर २४ इंची कर्व्ह्ड अवश्य घ्या. टॅली, मराठी मजकूर, अभ्यास किंवा प्रोग्रॅमिंग हे काम असेल तर त्याच पैशांत उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्टँडचा सपाट आयपीएस शोधा. स्वस्त कर्व्ह्ड मॉनिटरचा स्टँड बहुधा फक्त मागे-पुढे कलतो.

दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये स्वतःची एक मराठी फाइल आणि एक अंधारे दृश्य असलेला व्हिडिओ न्या. काळ्या पार्श्वभूमीवरचा करडा मजकूर भरभर सरकवून ओघळ पाहा, आणि पांढरा, काळा, लाल, हिरवा व निळा असे पाच कोरे पडदे लावून बंद पडलेला पिक्सेल शोधा. एक-दोन पिक्सेल बंद असले तर अनेक कंपन्या वॉरंटीत मॉनिटर बदलून देत नाहीत, म्हणून पैसे देण्याआधी खोके उघडून हे सारे पाहू देणारा दुकानदार ऑनलाइन किमतीपेक्षा काहीशे रुपये जास्त घेत असला तरी मी त्याच्याकडूनच घेईन.